काट्यावरची तुटणारी तार

रोहण्याच्या पुंडलिकरावांची सपना २००५ साली वर्ध्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कॉम्प्युटर सांभाळायला लागली. पहिल्याच हंगामात वजनकाट्यानं तिला जेरीस आणलं. काट्यावरच्या कॉम्प्युटरचा ऑफिसशी संबंध मधूनच तुटायचा, वजन तिकडे पोचायचंच नाही, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढत जायची.

"काऊन वं पोरी, तुह्या डब्यात भूत शिरलं का?" काट्यावरचे किसनराव विचारायचे.

डबा म्हणजे नेटवर्कचा स्विच. काट्याच्या आणि ऑफिसच्या तारा त्यात येऊन मिळायच्या. नागपूरचा इंजिनिअर दोनदा येऊन 'सब ठीक है' म्हणून गेला. काय घडलं ते स्विच टिपून ठेवायचा, पण भारनियमनात वीज गेली की पाटी कोरी!

सपनानं स्विचचं इंग्रजी पुस्तक आपल्या खोलीवर नेलं आणि दोन रविवार डिक्शनरी घेऊन त्याला भिडली. एका पानावर ती थबकलीच. हा स्विच आपल्या नोंदी दुसऱ्या कॉम्प्युटरकडे धाडू शकत होता!

सोमवारी तिनं अडगळीतला एक कॉम्प्युटर झटकून यूपीएसवर लावला, नोंदी घेणारा छोटासा प्रोग्राम त्यात टाकला आणि स्विचला त्याचा पत्ता दिला. स्विचचं घड्याळ १९९३ साल दाखवत होतं, तेही सुधारलं. तरी पडदा कोराच. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, बाहेरून येणारं सारं अडवणारी कॉम्प्युटरची फायरवॉलच दार लावून बसली होती. ते उघडून तिनं स्विचमधली एक तार मुद्दाम उपसली. पडद्यावर टपकन ओळ उमटली.

"आली! आली!" ती इतक्या जोरात ओरडली की मॅनेजर महादेवराव चहाचा कप घेऊनच धावत आले.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यासमोरून हलली नाही. अकराच्या सुमारास ओळ आली: पोर्ट सात बंद. लगेच दुसरी: पोर्ट सात सुरू. स्विचमध्ये सात नंबरला काट्याची तार होती! तिनं खिडकीतून पाहिलं, तर भरलेला ट्रक काट्यावरून उतरत होता. मागून रिकामा ट्रक चढला, काहीच नाही. पुन्हा भरलेला चढला, पुन्हा बंद.

महादेवरावांना पडद्यापुढे बसवून सपना काट्याकडे पळत सुटली.

"किसनराव, भरलेला ट्रक चढवा!"

"अवं, पण काऊन?"

"चढवा तं खरं!"

ट्रक चढला. खिडकीतून महादेवराव ओरडले, "गेलं! सात गेलं!"

काट्याची फळी उचलली, तर खाली तार चेपून अर्धी सोललेली. भरल्या ओझ्यानं फळी दबायची आणि तार तुटल्यासारखी व्हायची. संध्याकाळच्या आत नवी तार लोखंडी पाइपातून वरून नेली. रांग झपाझप पुढं सरकू लागली. महादेवरावांनी उरलेल्या तिन्ही स्विचच्या नोंदीही तिच्याच कॉम्प्युटरवर आणायला सांगितलं.

सपनानं रोहण्याला घरी फोन लावला. एका दमात तिनं सारं सांगितलं. पुंडलिकरावांना त्यातलं निम्मंच कळलं.

"मंग आता गाड्या थांबत नाई ना वं तिथं?"

"नाई, बाबा."

"मंग परवा आपला कापूस तिकडंच आणतो. तुहा तो पडदाही दाखवजो मले."