ओटिस-सान वाट अडवतात

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले, आणि तळमजल्यावर एकटे ओटिस-सान. ऐंशीला टेकलेले, दारात जेमतेम मावतील एवढे रुंद, काळे अमेरिकन गृहस्थ. उजव्या हाताची बोटं वाटेल तशी वळलेली. चेंडू लागून लागून मोडली, आणि एकाही बोटाला वेळेवर डॉक्टर दिसला नाही.

तरुणपणी ते अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगमध्ये कॅचर होते, म्हणजे उकिडवं बसून चेंडू झेलणारे. गोऱ्यांच्या संघात त्यांना जागा नव्हती, गोऱ्यांच्या हॉटेलातही नव्हती. मग काय, खेळायचं, बसमध्येच झोपायचं, उजाडलं की पुढच्या गावात पुन्हा खेळायचं. संघात माणसं मोजकी. जो दुखण्याने बसला त्याची जागा गेली, म्हणून सगळेच दुखणं अंगावर काढायचे. पुढे गोऱ्यांच्या संघांनी यांच्यातले निवडक खेळाडू उचलले, लीग मोडकळीला आली आणि ओटिस-सान जपानला खेळायला आले. नागोयात लग्न केलं. बायको गेल्यावर इथे येऊन राहिले.

एका पिचरबद्दल मात्र ते सहसा बोलत नसत. मला एकदाच सांगितलं. त्या मुलाच्या छातीत कळ यायची. चेंडू टाकण्याआधी तो डावा खांदा जरासा आवळायचा, आणि ते समोर बसलेल्या कॅचरलाच दिसायचं. "उद्याची एवढी मॅच होऊ दे," तो म्हणाला. यांनी तोंड बंद ठेवलं. त्याच रात्री बसमध्ये, यांच्या शेजारच्या सीटवर, तो गेला.

माझा नवरा अनुराग तेव्हा एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. रोज शेवटच्या ट्रेनने घरी. एका रविवारी आमचा मुलगा अनिश हट्टाला पेटला म्हणून अनुराग मैदानात आला. तिथे ओटिस-सान मुलांना शिकवत. अनुरागने त्यांच्याकडे दोन-चार चेंडू टाकले. शेवटचा झेलून ओटिस-साननी तो खिशात घातला, परत दिलाच नाही.

"उल्का-सान, याला हॉस्पिटलमध्ये न्या. आजच."

अनुराग हसला. "ॲसिडिटी आहे हो. उद्या गो-लाइव्ह आहे, बँकेची सिस्टिम चालू होतेय. मंगळवारी नक्की जातो."

घरी येऊन मी भांडले, रडले. पण आमच्याकडे गो-लाइव्हपुढे देवाचं चालत नसे, तिथे माझं काय चालणार!

सोमवारी सकाळी आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर, ओटिस-सान उकिडवे बसले होते. त्या वयात, त्या गुडघ्यांवर. धावत येणाऱ्याला कॅचर अंगाने अडवतो, हे अनिशने मला समजावलं होतं.

"ओजीसान हलणार नाहीत," अनिश म्हणाला. ओटिस-सानना तो जपानीत आजोबा म्हणायचा.

अनुराग कमरेत वाकून त्यांना सॉरी म्हणाला आणि मागच्या जिन्याने उतरून गेला. त्याच्या पाठोपाठ धावणं त्यांना जमलं नाही.

दुपारी माझा मोबाइल वाजला. पलीकडची बाई भराभर जपानी बोलत होती. माझं जपानी कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा, एवढ्यापुरतं. आमचं आडनाव तेवढं कळलं. मी तशीच खाली धावले आणि मोबाइल ओटिस-सानच्या हातात दिला.

"हाय," ते म्हणाले. जपानीत हाय म्हणजे हो. मग पुन्हा, हळू, "हाय."

पलीकडून फोन ठेवल्याचं मलाही ऐकू आलं. तरी त्यांनी मोबाइल कानावरून काढला नाही. काढला की मला सांगावं लागणार होतं.