एका दमाची रेघ

"आवाजाशी भांडू नये. त्याला बसायला जागा द्यावी, कंटाळून आपोआप उठून जातो." हे रेघकाकांचं पालुपद. बसगाड्या बांधणाऱ्या त्या शेडमध्ये ते ऐकून पत्रेवाले हसायचे. म्हणायचे, "काका, इथला आवाज मुक्कामालाच आलाय!"

काकांचं काम एकच. नव्या रंगवलेल्या बसच्या कुशीवर, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, लांब केसांच्या ब्रशने पिवळी रेघ ओढायची. दोरी नाही, पट्टी नाही. एकीकडे पत्रा ठोकला जातोय, दुसरीकडे वेल्डिंग तडतडतंय, रेडिओ बोंबलतोय, आणि काका आपले संथ पाण्यासारखे सरकताहेत. रंग कालवून द्यायला त्यांची सून. लग्न होऊन आल्यापासून ती हे बघत आलेली.

मग मालक रेघेऐवजी तयार पिवळी चिकटपट्टी आणणार अशी कुणकुण लागली, आणि पाठोपाठच्या दोन गाड्यांवर काकांची रेघ थरथरली. तिसऱ्या गाडीला मालक पट्टीचं भेंडोळं हातात घेऊनच आला.

"काका, वय झालं आता. आज हलली, तर उद्यापासून ही."

रेघ गेली तर हा माणूस घरात कुठे बसेल, हेच सुनेला सुचेना. तिने पत्रेवाल्यांची मनधरणी करून हातोडे थांबवले, वेल्डिंग थांबवलं, रेडिओचा कान पिळला.

शेड गपगार झाली. सगळे हाताची घडी घालून काकांकडे बघू लागले. काकांनी ब्रश पत्र्यापाशी नेला, मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा मागे घेतला.

"काय झालं, मामंजी?"

"अगं, बाहेरचे गप्प झाले नि आतले बोलायला लागले. नीट काढ म्हणतात. हलणार म्हणतात. कुणी केलं हे बंद?"

"मीच. म्हटलं, तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला? मयताला जमल्यासारखे उभे केलेस सगळे!" म्हातारा खेकसला, "अरे, ठोका रे! बसून पगार खाता होय?"

पहिला हातोडा बिचकत पडला. मग दुसरा. रेडिओ मधूनच ओरडायला लागला. काका थोडा वेळ नुसते उभे राहिले. सुनेला वाटलं, ऐकताहेत. मग वाटलं, ऐकणं संपायची वाट बघताहेत. हळूहळू त्यांचे खांदे उतरले. ब्रश टेकला आणि निघाला. मध्येच कुणाच्या तरी हातून अख्खा पत्रा फरशीवर आदळला. सून दचकली, मालक दचकला. ब्रशच्या गावीही नव्हतं.

मालकाने एक डोळा मिटून रेघ पाहिली. मागच्या चाकापाशी जरा रेंगाळला. मग भेंडोळं काखोटीला मारलं.

"या गाडीला नको," एवढंच म्हणाला. पुढच्या गाडीचं तो बोलला नाही, काकांनी विचारलं नाही.

काकांनी ब्रश धुतला, बाहीला पुसला, खिशात खोचला आणि ते फाटकाकडे चालू लागले. पत्रेवाल्यांनी मान वर केली नाही. ते ठोकतच राहिले. सून तेवढी रंगाचं डबडं हातात धरून बघत होती, ते वळणाआड होईपर्यंत.