मामाजी स्थळ पाहायला येतात

आमच्या मामाजींनी जुळवलेल्या सोयरिकींपेक्षा मोडलेल्या सोयरिकी जास्त आहेत, आणि अभिमान त्यांना मोडलेल्यांचाच आहे. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम नाचणगाव. पेशा विचाराल तर शेती, पण त्यांना शेतात पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पुलगावपासून समुद्रपूरपर्यंत ओळखीपाळखीत कुणाची मुलगी लग्नाची झाली, की मुलाकडचं घर पाहायला मामाजींना नेतात. या कामाचे ते पैसे घेत नाहीत. दुपट्टा-टोपीचा मान घेतात, तोही सोयरीक जुळली तरच. त्यामुळे त्यांच्या घरी टोप्या फारशा नाहीत.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. कुठल्याही घरी गेले की बोलणं संपेपर्यंत ते चहाला हात लावत नाहीत. "चहा पेला का मानूस मवाळ होते," असं त्यांचं म्हणणं. बसल्यावर दहा मिनिटांत त्यांना हात धुवायची आठवण होते आणि ते घराच्या मागच्या बाजूला जातात, ते लवकर परतत नाहीत. "समोरून सारेच घर चांगले दिसते, जवाईबापू. घर मागून पाहा लागते." खिशात एक छोटी बॅटरी असते. भरदुपारी ते ती धान्याच्या कोठीत मारून पाहतात. मुलगा कसा आहे हे ते त्याच्या बापाला कधी विचारत नाहीत, गावच्या न्हाव्याला विचारतात. समुद्रपूरकडच्या एका घरी दारात गाडी होती, दिवाणखान्यात मखमली सोफा होता, मुलगा देखणा होता आणि मुलीकडचे सगळे मनातून हो म्हणून बसले होते. मामाजींचा रुमाल खाली पडला. तो नेहमीच पडतो. रुमाल उचलायला वाकले, तेव्हा सोफ्याच्या बुडाशी पांढऱ्या रंगात बिछायत केंद्राचं नाव लिहिलेलं दिसलं. निघताना यजमानांना फक्त म्हणाले, "सोफा कवा वापस करा लागते? आमच्यापाई एका दिवसाचं भाडं वाढाले नको."

हीच नजर ते सगळीकडे लावतात. मी जुनी स्कूटर घेतली तेव्हा मामाजी स्कूटर न पाहता ती विकणाऱ्याच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसले होते. आमच्या फ्रिजच्या दुकानदाराला त्यांनी विचारलं होतं, "याच्या आंधी हा कोनाच्या घरी देला होता? त्याइचा पत्ता द्या." दुकानदार अजून रस्त्यात भेटला की त्यांची खुशाली विचारतो, पण जरा लांबूनच.

तर आमची वैष्णवी बारावी झाली. सीईटीत बरे गुण पडले. तिला फूड टेक्नॉलॉजीच करायचं होतं. लोणच्याला बुरशी का धरते आणि सोयाबीनच्या दुधाला वास का येतो, असले प्रश्न ती आठवीपासून घरात विचारत आली आहे. आमच्या सेलूहून नागपूरच्या वाटेवर, बसने तासाभरावर, एक खाजगी विद्यापीठ आहे. तिथे तो विषय होता, मोठी प्रयोगशाळा होती आणि जाहिरातीत पन्नास टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती होती. मी पतसंस्थेत हिशेब पाहतो. माझा आकडा पक्का होता: या कामासाठी साठवलेले पाच लाख, आणि बँकेने कबूल केलेलं साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज. साडेआठ लाखांच्या वर आमच्या घराची उडी नव्हती, आणि ते मी पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने मान हलवली, पण हॉस्टेलच्या खोलीसाठी चादरीचा रंग मात्र ठरवून टाकला होता.

विद्यापीठ पाहायला आम्ही तिघंच जाणार होतो. आदल्या दिवशी बायकोने सहज मामाजींना फोन केला. ते म्हणाले, "तिघं कुठी जाता? तीन तिघाडा, काम बिघाडा. सकाळच्या गाडीनं मी येऊन राह्यलो."

विद्यापीठाचा स्वागतकक्ष थंडगार होता. एका तरुण मॅडमनी आम्हाला गुळगुळीत कागदाची फाईल दिली आणि चौघांसाठी कोल्ड कॉफी मागवली. मामाजींनी आपला पेला टेबलाच्या मध्यावर सरकवून ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पोट्टीचा नंबर तुमच्याकडं कुठून आला?" वैशूने एका वेबसाइटवर नंबर टाकला होता, आणि तेव्हापासून विद्यापीठाचे फोन रोज येत होते. मॅडमनी तसं सांगितलं. मामाजी माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "म्हंजे मागनी त्याइच्याकडून आली. आपन पोरगी घेऊन दारी नाई आलो. ध्यानात ठेवजा, जवाईबापू." वैशूने फाईल तोंडासमोर धरली. मग मामाजींना हात धुवायची आठवण झाली.

ते गेले आणि आम्ही आकड्यांना बसलो. शिकवणी फी पहिल्या वर्षी एक लाख साठ हजार, पुढे दरवर्षी पाच टक्के वाढ. हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला पंच्याण्णव हजार, ते चार वर्षं तेवढंच. परीक्षा, प्रयोगशाळा, गणवेश आणि 'इतर' मिळून वर्षाला बावीस हजार. शिवाय दहा हजार अनामत, शेवटी परत मिळणारी. बायको मध्येच म्हणाली, "पण मुलींची फी तर सरकार भरते ना? आमच्या गल्लीत सगळे सांगतात." मॅडमनी ही गोष्ट स्वच्छ सांगितली, त्याबद्दल मी त्यांना मानतो. म्हणाल्या, "ती सवलत कॉलेजांमध्ये आहे काकू, अशा खाजगी विद्यापीठांना लागू नाही. इथे आमची स्वतःची शिष्यवृत्ती. वैष्णवीला तिच्या गुणांवर शिकवणी फीत पन्नास टक्के बसते." मी बेरीज केली. अनामत सोडून चार वर्षांचे सगळे मिळून अकरा लाख सत्तावन्न हजार सहाशे वीस. त्यातून अर्धी शिकवणी फी गेली की आठ लाख बारा हजार आठशे दहा. माझ्या साडेआठ लाखांत बसत होतं. मी वैशूकडे पाहून मान डोलावली. तिचे डोळे असे चमकले, की माझ्यासारख्या माणसालाही पुढचा प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

तेवढ्यात मामाजी आले. पायजम्याला घोट्यापर्यंत माती. ते मेसच्या मागे जाऊन आले होते. कोठीत बॅटरी मारून तूरडाळ पाहिली होती ("डाळ बरी हाये. तेलाचे पिपे मातर मी मोजले नाई, तिथल्या बाईनं हाकललं"), कपडे वाळत घालणाऱ्या मुलींशी बोलले होते, आणि त्यांतली एक देवळी तालुक्यातली निघून नात्याने त्यांची दूरची नातही निघाली होती. "तिले इचारलं, बाई, पह्यल्या वर्सी किती देले आन यंदा किती? ते म्हने, आबाजी, पह्यल्या वर्सी निम्मेच देले. मंग आठ पॉइंटर नाई भेटला तं यंदापासून पुरे." मामाजी खुर्चीत बसले. "ताई, ह्या आठ पॉइंटरचं तुमी पोरीच्या बापाले सांगतलं का?"

मॅडम म्हणाल्या, "ते फाईलमध्ये आहे ना, आजोबा." होतं. शेवटच्या पानावर, तळाशी, मी चष्मा काढून वाचलं एवढ्या बारीक अक्षरात: दरवर्षी आठ पॉइंटर, म्हणजे दहापैकी आठची सरासरी, राखला तर शिष्यवृत्ती पुढे चालू, एकदा गेली की परत नाही. मी पुन्हा बेरीज केली. शिष्यवृत्ती एकाच वर्षाची धरली तर दहा लाख सत्त्याहत्तर हजार सहाशे वीस. साडेआठ लाखांच्या पार पलीकडे. वैशूनेही माझ्या खांद्यावरून तो आकडा वाचला.

मामाजी शांतपणे मॅडमना म्हणाले, "आमच्याकडं साक्षगंधाच्या आंधी यादी होते. देनंघेनं सारं कागदावर, दोन्हीकडच्याइच्या सह्या. तुमी चार वर्साची यादी करा. वाढ किती, सूट किती, सूट कवा जाते, सारं." मॅडम हसल्या आणि त्यांनी आतून प्रवेश विभागाच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मामाजींकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मामाजी, भेटन यादी. माह्या लग्नात बी झालती. सासरा बुडा ते आजून काढून दाखवते." मामाजींना माणूस पसंत पडला. छापील कागद आला. मामाजींनी तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि अनामतीच्या ओळीवर मला थांबवलं. "साहेब, वापस देनारच हा तं घेता काऊन?" साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते मलेबी कोनी सांगतलं नाई."

यादी झाली, पण आकडा काही कमी झाला नव्हता. बायकोने पदर चाळवायला सुरुवात केली होती. मामाजी उठले आणि वैशूला म्हणाले, "चाल बाई, बाहेर लिंबाखाली." हे त्यांचं शेवटचं काम असतं. सोयरीक मोडायची की जुळवायची, हे ठरवण्याआधी ते मुलीशी एकटे बोलतात. तिथे काय बोलणं होतं ते आजवर कुठल्याच बापाला कळलेलं नाही. मला मात्र वैशूने घरी आल्यावर सगळं सांगितलं.

ती त्यांना म्हणाली, "आबाजी, मी आठ पॉइंटर आणीन. नक्की आणीन."

"आनशील. मले शंका नाई. पन चार वर्स रोज भेत भेत राह्यशील. एक पेपर वाईट गेला का बापाच्या तोंडाकडं पाह्यशील. ज्या घरी पोरीले रोज भ्या लागते, त्या घरी आपन पोरगी देत नाई."

"म्हणजे मोडलं?" वैशूने विचारलं.

"मोडाले आलो असतो तं तुह्या आईले घरीच सांगतलं असतं. मले एक सांग. सारंच नाई भेटत. ह्या घरातली कोनती गोस्ट नसली तं तुले चालते?"

वैशू म्हणते, तिने पुष्कळ वेळ प्रयोगशाळेच्या इमारतीकडे पाहिलं. मग मुलींच्या हॉस्टेलकडे. गॅलरीत कपडे वाळत होते, कुणीतरी गाणं लावलं होतं. मग ती म्हणाली, "हॉस्टेल."

दोघं आत आले. मामाजींनी मला एवढंच सांगितलं, "खोली काटा. पोरगी घरून येनंजानं करते." मी हॉस्टेल-मेसचे तीन लाख ऐंशी हजार वजा केले, बसचा खर्च वर्षाला वीस हजार धरून मिळवला. शिष्यवृत्ती एकाच वर्षाची धरूनही सात लाख सत्त्याहत्तर हजार सहाशे वीस आले. लॅपटॉपसुद्धा त्यात बसत होता. मी कागद दोनदा तपासला. मग मामाजींनी टेबलाच्या मध्यावरचा पेला ओढून घेतला. कॉफी केव्हाची कोमट झाली होती. एका घोटात संपवून म्हणाले, "थंडी म्हनून देली आन गरम निंगाली." परतीच्या बसमध्ये ते खुशीत होते. "पोरगी सासरी देली आन माहेरीच राह्यली. अशी सोयरीक मी जिंदगीत नाई जुळवली, जवाईबापू." वैशू खिडकीशी बसली होती. चादरीचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

त्याला आता वर्ष झालं. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मामाजी आमच्याकडेच मुक्कामाला होते. वैशूला सात पूर्णांक सहा मिळाले, आणि शिष्यवृत्ती गेली. तिने तो आकडा दारातूनच सांगितला, चप्पल काढता काढता, आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारू लागली की भाजीत आज हिंग जास्त का आहे. आईने तिला तिचं तोंड प्रयोगशाळेतच चालवायला सांगितलं. आतून दोघींची तडतड बराच वेळ ऐकू येत होती.

मामाजी ओसरीवर खुर्ची टाकून ते सगळं ऐकत बसले होते. मी शेजारी बसलो. गेल्या वर्षात ते थोडे वाळले आहेत. आता कुणाचं घर पाहायला गेले तरी मागच्या बाजूला लवकर पोचत नाहीत, असं बायको म्हणते. त्यांनी विचारलं, "जवाईबापू, चौथ्या वर्साची फी किती म्हटली होती?"

"एक लाख पंच्याऐंशी हजार दोनशे वीस," मी म्हणालो.

"आन ते कवा भरा लागते?"

"अजून दोन वर्षांनी."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पैसे ते कधी बोटांवर मोजत नाहीत.

"तवा मी एक्क्याऐंशीचा होईन," ते म्हणाले. आत वैशू कशाला तरी मोठ्याने हसली. तिकडे मान वळवून ते स्वतःशीच पुटपुटले, "पाह्यतो, जमते का."