बिनगुळाचा तिळगूळ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईला बोलावणं आलं, तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही. बाबा जाऊन वीसेक वर्षं झाली. तेवढ्या काळात मेहकरातल्या एकाही बाईने तिला या दिवशी घरी बोलावलं नव्हतं. मी मात्र दर वर्षी नटूनथटून जात होते आणि मिळालेलं वाण घरी आणून तिच्याच पुढ्यात मांडत होते. त्याची लाज मला आता वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

बोलावणारी आमच्याच गल्लीतली. आधी शिवणकाम करायची, आता 'वेलनेस कोच' झाली आहे. फोनवर म्हणाली, "काकूंले घेऊनच या. आम्ही तसलं काही पाळत नाही." मी मनातल्या मनात तिला दुवा दिला.

आईने दोन दिवस आधीपासून तयारी केली. तीळ निवडले, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजले, गुळाच्या पाकात घालून वड्या थापल्या. तिच्या वड्या दातांना चिकटत नाहीत, हा तिचा जुना अभिमान. ठेवणीतलं मोरपंखी पातळ नेसून तिने मला दोनदा विचारलं, बरं दिसतं का.

तिथे दारातच वजनाचं यंत्र मांडलेलं. येईल तिने चपला काढून त्यावर उभं राहायचं आणि कोचबाई आकडे मोठ्याने वाचणार. कोणाच्या पोटावर किती चरबी, कोणाचं शरीर किती म्हातारं, सगळं बायकांच्या घोळक्यात जाहीर. बायका खिदळत होत्या. मला शिसारी आली. आईची पाळी आली तेव्हा कोचबाईंनी मान हलवली आणि तिची हाडं पोकळ झाल्याचं सांगितलं. चार जणी चुकचुकल्या.

आईने वड्यांचा डबा पुढे केला. कोचबाईंनी तो न उघडताच फ्रिजवर ठेवून दिला. गूळ म्हणजे विष, म्हणाल्या. नुसते तीळ अंगी लागत नाहीत, आपण विकतो त्या पावडरमधले मात्र थेट हाडात जातात, कारण ते 'फंक्शनल फूड' आहे. पाठ केलेलं भाषण होतं. पिढ्यान्‌पिढ्या तीळ खाऊन शेतात राबणाऱ्या आमच्या बायका बहुधा बिनहाडाच्याच होत्या. मग प्रत्येकीच्या हातावर त्या पावडरचा बिनगुळाचा लाडू आला आणि वर "गोड बोला" हेही आलं. चव गाईम्हशींना घालतात त्या ढेपेसारखी. मी तो रुमालात थुंकून टाकला.

शेवटी कुंकवाचा करंडा फिरला. सवयीने मी कपाळ पुढे केलं आणि कोचबाईंनी मला हळदकुंकू लावलं. माझ्या शेजारी आई बसली होती. तिनेही मान किंचित वर केली होती. करंडा तिच्यासमोरून तसाच पुढच्या बाईकडे गेला. तिच्या हातात वाणाऐवजी पावडरच्या नोंदणीचा फॉर्म आला. मला किळस आली त्या बाईची, तिच्या पावडरची आणि सगळ्यात जास्त माझ्या कुंकू लावलेल्या कपाळाची. मी उठले नाही, बोलले नाही.

रस्त्यात मात्र माझी जीभ सैल सुटली.  आईच्या पिशवीत तो फॉर्म भरून घेतलेला पावडरचा मोठा डबा दिसला, तेव्हा मी म्हटलं, दे इकडे, आत्ताच्या आत्ता तिच्या दारात आपटून येते.

आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "राहू दे," ती म्हणाली. "डबा घेत राह्यली तर पुढच्या वर्षी बलावतीन मले."

आता ती रोज सकाळी नाक दाबून ते करडं पाणी पिते. डबा तळाला गेला की मला सांगते, त्या बाईले फोन कर, अजून एक पाहिजे म्हणून. आणि मी फोन करते.