तिला बघू दे

“मागं बघ गं,” म्हणत अक्का आपल्याकडे पाठ करून उभी राहायची. साडीला डाग लागलाय का, एवढंच सांगायचं असायचं. आपण बायका हे कधी ना कधी विचारतोच, पण कुजबुजत. अक्का शिलाई मशिनींच्या आवाजावर आवाज चढवून विचारायची.

सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात ती काज-बटणाला होती आणि मी ऑफिसात ऑर्डरी कॉम्प्युटरवर चढवायचे. मी इंग्लिश मीडियमची. आमच्या शाळेत मुली त्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणायच्या, घरी कोणी काहीच म्हणायचं नाही. अक्काने विचारलं की मी नुसती मान हलवून आत पळायचे.

“देवानं तोंड दिलंय हिला,” ती सगळ्यांना सांगायची, “पर डबा खायलाच उघडती.”

पुढे तिचं ‘मागं बघ’ वाढत गेलं. आधी रोज, मग येता-जाता. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. सरकारी दवाखान्यातून आली ती पहिल्यांदाच माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

“माझी पोर आज ना उद्या शहाणी व्हईल. तिनं माझं रगत बघितलंय, चादरी बघितल्यात. तिला पाळी आली की वाटंल, आता आपण बी मरणार.”

“तुम्ही सांगा ना तिला समजावून.”

“माझ्याकडं बघून पटंल व्हय?” ती म्हणाली. “तुला येईल तवा घरला ये. आलीय म्हणून सांग. मग जेव, बस, हास. तिला बघू दे.”

“तेव्हा घरात आलेलं... चालतं तुमच्याकडे?”

“मी चालवते की.”

अक्कलकोट रोडला तिच्या दोन खोल्या होत्या. पहिल्या वेळी सगळा चहा संपला तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, “मला आज... आहे.”

“काय हाय? ताप हाय?” अंथरुणावरून अक्का.

“पाळी.”

पोरगी टक लावून बघायला लागली. “दुखतंय?”

“थोडं. कंबर.”

“मग?”

“मग काही नाही. उद्या कामावर जाणार.”

“आता दोन भाकरी खा,” अक्का म्हणाली.

दर महिन्याला मी जायला लागले. पॅड कसं लावायचं ते मी दाखवलं, पोटाला शेक कसा द्यायचा ते अक्काने. पोरगी मात्र मलाच तपासायची. एकदा तिने मला गच्चीच्या पायऱ्या पळत चढायला लावल्या आणि खाली येऊन आईला सांगितलं, “अव्वा, ताई दमली, पर ठीक हाय.” अक्का इतकी हसली की तिला उशी पोटाशी दाबून धरावी लागली.

शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. मी जेवायला बसले की ती बोटाने माझ्या ताटाकडे खूण करायची, अजून वाढ म्हणून.

अक्का गेल्यावरही मी जात राहिले. एका रविवारी दार उघडताच पोरगीच म्हणाली, “ताई, मला बी आलीय. परवाच.”

तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आंघोळ करून शाळेत गेली होती, परीक्षेचा पेपर देऊन आली होती.

“भीती वाटली?”

“न्हाय.”

मला इतका आनंद झाला की मी तिला जवळच ओढलं. तिने दोन ताटं घेतली, भाकरी वाढली आणि माझ्यासमोर बसली. बराच वेळ आम्ही जेवत होतो.

“तुला काय झालं न्हाय,” ती म्हणाली. “मला बी काय झालं न्हाय. मग अव्वालाच का?”

तिने माझ्या वाटीत आमटी वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.