किन्हीराजाचा ट्रॅक, हरभऱ्याचा भुसा आणि दादाची गाडी

माझ्या थोरल्या भावाला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं जात चाललंय. यंदा डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. घरी आल्यावर दादाने पार्किंगमध्ये जाऊन आपल्या लाल, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं कव्हर काढलं आणि पुसत बसला. ही गाडी त्याने हौसेने घेतली होती आणि रेसच्या ट्रॅकवर न्यायचं दरवर्षी पुढे ढकललं होतं.

"रस्त्यावर नाही चालवणार," तो म्हणाला. "पण रिकाम्या ट्रॅकवर, एकदाच. तू शेजारी बस."

म्हणून वाशिम. किन्हीराजाजवळ गजाननभाऊ नावाच्या हौशी शेतकऱ्याने आपल्या मुरमाड जमिनीवर छोटा डांबरी ट्रॅक केलाय. आधी फोन केला तर अख्खा दिवस एकट्याला मिळतो, कडेला मोकळं रान. दादाच्या डोळ्यांचं आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

पुण्याहून पहाटे निघालो, गाडी मीच चालवली. संभाजीनगरच्या पुढे समृद्धीवर लागलात की पाणी, खाणं, पेट्रोल सगळं आधीच भरून घ्या, मध्ये फारसं काही मिळत नाही. टोल खिशाला जाणवतो. वाशिमच्या मालेगावला उतरून मुक्कामाला शिरपूरला गेलो. जैन मंदिरामुळे गावात यात्रेकरूंची वर्दळ असते, त्यामुळे साधी, स्वच्छ खोली सहज मिळाली. जेवायला बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा आणि भाकरी. दादा कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी ट्रॅकवर पोचलो तर शेजारच्या वावरात हरभऱ्याची मळणी चालू. थ्रेशरमधून भुसा उडत होता, उन्हात सोनेरी दिसत होता. खरं सांगते, मी फोटो काढले.

"आज मजूर भेटले त काढून राह्यले ते," गजाननभाऊ म्हणाले. "मी तरी त्याहीले थांबा कसं म्हनू?"

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. रस्त्यावर इंजिनाला वारा मिळतो, उसंत मिळते. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला राहून ते भराभर तापतं. म्हणून पहिली फेरी सावकाश, मग दोन जोरात, मग एक थंड करायची: वरचा गिअर, हलका पाय, ब्रेक जवळजवळ नाहीच. परत आलात की इंजिन लगेच बंद करायचं नाही. बॉनेट उघडून थोडा वेळ तसंच चालू ठेवायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

दादाला हे सगळं पाठ होतं. त्याला दिसत नव्हता तो तापमानाचा काटा. रस्त्यावरून नजर खाली नेली की परत वळण शोधायला त्याला वेळ लागायचा. त्यामुळे काटा वाचायचं काम माझ्याकडे.

"किती?"

"नव्वद."

"आता?"

"पंच्याण्णव."

पहिल्या खेपेला सगळं ठरल्यासारखं झालं. शेवटच्या लांब वळणावर दादा मोठ्याने हसला. आई गेल्यापासून त्याचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला काटा लवकर चढला. आम्ही आत आलो, रेडिएटरच्या जाळीवरचा भुसा ब्रशने काढला, सावलीत तासभर थांबलो. पुढून जाळी लख्ख दिसत होती.

तिसऱ्या खेपेला पहिल्याच जोरातल्या फेरीत मी म्हटलं, "एकशे पाच."

त्याने लगेच पाय काढला आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायचा तो जुना उपाय. मार्चच्या उन्हात आमचे चेहरे भाजत होते.

"आता?"

"एकशे बारा. दादा, थांब!"

तो थांबेपर्यंत बॉनेटखालून पांढरी वाफ यायला लागली होती. दादाने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिला. मी दोनदा हाक मारली, तेव्हा उतरला.

गाडी टेम्पोवर घालून शिरपूरला रहीमभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी रेडिएटर सोडवला. त्याच्या आणि पुढच्या एसीच्या जाळीच्या मधल्या फटीत भुसा गादीसारखा दाबून बसला होता. बाहेरून तो दिसणं शक्यच नव्हतं. ऑइलचं झाकण काढलं तर आत दुधाळ फेस, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं.

"हेड गॅस्केट गेलं," रहीमभाई म्हणाले. "हेड बी वाकलं असन. अकोल्याले पाठवा लागन. टाइम लागते."

"किती?" दादाने विचारलं.

"पार्ट भेटले त महिना. नाई त जास्त."

दादाने मान हलवली. रहीमभाईंनी चहा मागवला, खुर्ची दिली. "इतकं काहून मनाले लावून घेता, भाऊ? गाडी हाय, होते नीट." त्यांना बाकीचं माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही.

वाशिमहून ट्रॅव्हल्सने परतलो. दादाने पडदा लावून घेतला आणि पुण्यापर्यंत उघडला नाही.

त्या हसण्याच्या आठवणीवर आपलं भागेल असं मला वाटलं होतं. नाही भागत. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आता मधलंही धूसर व्हायला लागलंय. दादा जिना धरून उतरतो. कोणी गाडीचा विषय काढला की उठून जातो.

परवा रहीमभाईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"गाडी चालू झाली जी! आयका." त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला.

दादाने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद करून कानाशी लावला. डोळे मिटून, खाली बसून ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने रहीमभाई पलीकडून ओरडले, ते मलाही ऐकू आलं.

"भाऊ? आयकू येऊन राह्यलं का?"

"येतंय," दादा म्हणाला. "राहू द्या चालू थोडा वेळ."