मधी ओढा हाय!

मंडळी, आज लई भारी वाटून राहिलंय!

नकाशावरच्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकले की सगळ्यात जवळचा पिनकोड दाखवणारं टूल मी बनवलंय. दुपारी मुखेडला घरी आले आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या ऐटीत दाखवलं. अण्णा रिटायर्ड पोस्टमन.

त्यांनी नकाशावरच्या एका बंजारा तांड्यावर बोट ठेवलं. मी त्याचे अक्षांश-रेखांश टाकले, टूलनं सगळ्यात जवळच्या पोस्टाचा पिनकोड दिला.

अण्णा हसले. "हे चुकलं की माय. पोस्ट जवळ हाय, पण मधी ओढा हाय. तांड्याचं टपाल पलीकडच्या गावातून येतंय."

मी अंतर सरळ रेषेत मोजलं होतं, अण्णांनी सायकलवर.

मग ते सांगत गेले, मी दुरुस्त करत गेले. आता टूलखाली बनवणाऱ्यांची दोन नावं हायत. पहिलं अण्णांचं.

तुमच्या गावाच्या वाटा कुणाला पाठ हायत? त्यांचं नाव लिहा खाली.